शीनिंग ते ल्हासा रेल्वेनं: गाडीत बसून विरळ हवेची सवय होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये चीनमधल्या शीनिंगहून तिबेटमधल्या ल्हासाला स्लीपरनं जायचं आहे, सोबत ६४ वर्षांची आई आणि ६८ वर्षांचे वडील. ‘विमानानं एकदम वर जाण्यापेक्षा गाडी बरी, उंचीची हळूहळू सवय होते, शिवाय डब्यात ऑक्सिजन असतोच,’ असं सहल ठरवणाऱ्यानं सांगितलंय. हे खरं का? बर्थ कोणता घ्यावा, गोळ्या घ्याव्यात का, आणि शाकाहारी माणसानं एवढे तास खायचं काय?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. गाडीत बसून सवय होत नाही. सवय होते ती शीनिंगमध्ये मुक्काम केल्यानं.

वाटेचा चढउतार बघा. शीनिंग साधारण २,२६० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर उंच. तिथून गोलमुदपर्यंतचा ८१४ किलोमीटरचा भाग १९८४ मध्ये सुरू झाला. गोलमुद सुमारे २,८०० मीटरवर, त्यामुळे तोवर फारसं काही जाणवत नाही. खरी चढण त्यानंतर. गोलमुद ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा टप्पा १ जुलै २००६ रोजी सुरू झाला आणि त्यातला ९६० किलोमीटरहून अधिक भाग ४,००० मीटरच्या वर आहे. गोलमुद सोडल्यावर दोन-अडीच तासांतच गाडी कुनलुनच्या बोगद्याशी, ४,६०० मीटरच्या पुढे पोचलेली असते. तिथून आणखी साडेचारशे किलोमीटरवर तांगुला खिंड, ५,०७२ मीटर. लडाखला जाऊन आलेल्यांसाठी सांगायचं तर खारदुंग ला याहून थोडीच उंच आहे. मग उतरत उतरत ३,६५० मीटरवरचं ल्हासा, लेहपेक्षा किंचित वर.

विरळ हवेशी जुळवून घेताना शरीर आधी श्वास वाढवतं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा लगाम सुटायला मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट बाहेर टाकावं लागतं, आणि त्या कामाला दोन ते चार दिवस लागतात. शीनिंग ते ल्हासा प्रवास वीस-बावीस तासांचा, त्यातला चार हजारांवरचा भाग दहा-अकरा तासांचा. ‘हळूहळू’ या शब्दाला इथे जागाच नाही. उलट विमानानं जाणारा माणूस थेट ३,६५० वर उतरतो, तर गाडीतला आधी ५,०७२ ला जाऊन मग तिथे येतो.

तरीही बरेच लोक तांगुलावर हसतखेळत फोटो काढतात, याचं कारण त्रास उशिरा सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं उंची गाठल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी येतात. म्हणजे दुपारी तांगुला ओलांडली तर डोकं धरतं ल्हासाच्या हॉटेलात, रात्री. ‘गाडीत काहीच झालं नाही, हॉटेलचं जेवण बाधलं,’ असं त्याचं निदान होतं आणि ते बहुतेकदा चुकीचं असतं. नव्या उंचीवर डोकं दुखलं की वेगळं कारण सापडेपर्यंत ती उंचीच समजायची.

म्हणून शीनिंगला किमान दोन रात्री काढा, पालकांसोबत तीन. एका दिवसात ता’एर मठ आणि दुसऱ्या दिवशी साधारण ३,२०० मीटरवरचं छिंगहाय सरोवर पाहून परत शीनिंगला झोपायला येणं हा सरावाचा उत्तम प्रकार आहे. दिवसा वर जा, झोपायला खाली या, हा गिर्यारोहकांचा नियम इथे आयता पाळला जातो.

आता डब्यातल्या ऑक्सिजनबद्दल. डबा विमानासारखा दाबबंद असतो हा मोठा गैरसमज आहे. आतला दाब बाहेरच्याइतकाच असतो. तांगुलावर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ५३-५४ टक्के असतो. डब्याची यंत्रणा बाहेरच्या हवेतून नायट्रोजन वेगळा काढते आणि ऑक्सिजनचं प्रमाण वाढलेली हवा वातानुकूलनाच्या मार्गानं आत सोडते. नेहमीच्या २१ टक्क्यांऐवजी आत २३ ते २५ टक्के ऑक्सिजन मिळतो. हिशेब सोपा आहे: एक टक्का वाढला की शरीराला सुमारे तीनशे मीटर खाली आल्यासारखं वाटतं. म्हणजे ५,००० मीटरवरच्या डब्यात २४ टक्के ऑक्सिजन असेल, तर शरीराच्या दृष्टीनं तुम्ही साधारण ४,१०० वर आहात. मदत खरी आहे, पण ४,१०० म्हणजेही ल्हासापेक्षा साडेचारशे मीटर उंच.

दुसरी सोय म्हणजे प्रत्येक बर्थजवळ आणि मार्गिकेत असलेली ऑक्सिजनची तोटी. तिला लावायची नाकातली नळी डब्याच्या परिचारकाकडे मिळते. आपल्याकडची नळी त्या तोटीला बसेलच असं नाही, म्हणून गोलमुदलाच माणशी एक मागून ठेवा. नळी आधी तोटीत घट्ट बसवा, मग नाकात. फुसफुस आवाज तोटीपाशीच येत असेल तर जोड सैल आहे आणि नाकापर्यंत काही पोचत नाही. नाक चोंदलं असेल तर आधी मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. त्रास वाटला की अर्धा-पाऊण तास सलग घ्या. दोन मिनिटं लावून काढण्यात अर्थ नाही. याची सवय लागते म्हणून घ्यायला घाबरू नका, तसं काही होत नसतं. दुकानात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या हलक्या डब्यांवर मात्र पैसे घालवू नयेत, काही मिनिटांत रिकामे होतात. आणि गोलमुदनंतर गाडीत धूम्रपान पूर्ण बंद, दोन डब्यांच्या मधल्या जागेतसुद्धा.

ऑक्सिमीटर जरूर न्या, पण त्याच्या आहारी जाऊ नका. घरी ९७-९८ दाखवणारा आकडा तांगुलाच्या आसपास ८० ते ९० च्या मध्ये खेळतो, आणि तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. बोट गार असेल, नखांवर रंग किंवा गडद मेंदी असेल तर आकडा आणखी खोटा येतो. बोट चोळून गरम करा, एक मिनिट स्वस्थ बसा, मग बघा. नळी लावूनही आकडा ७५ च्या वर येत नसेल, किंवा आकडा कितीही असो पण बसल्या जागी धाप लागत असेल, तर परिचारकाला बोलवा. गाडीवर डॉक्टर असतो.

गोळ्यांचं सांगतो, पण ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनी. उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडची डायमॉक्स, मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. गाडीच्या आदल्या दिवशी सुरू करून ल्हासातल्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती चालू ठेवतात. वर सांगितलेला मूत्रपिंडांचा उद्योग ती लवकर घडवून आणते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती टाळायची. बोटांना मुंग्या येतात, सोडा फिका लागतो, लघवी वाढते. पालकांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. जायच्या दोन आठवडे आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघायची, म्हणजे काही उलटसुलट झालं तर घरच्या घरी कळतं. झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही नको. रात्रीचा श्वास दोन्हींनी मंदावतो.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांत ते कमी असणं इतकं सर्रास आहे की कुणी विचारतही नाही, पण १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढा, मग तिकीट. घराण्यात सिकलसेल असेल (नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतल्या कुटुंबांनी हे खास लक्षात घ्यावं) तर चाचणी करूनच ठरवा. आजार असणाऱ्यानं जाऊच नये. नुसता वाहक असणाऱ्यालाही एवढ्या उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक कळ येणं हे तिचं लक्षण. नुकताच हृदयविकार झालेला, जुना दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आटोक्यात नसलेला, छातीत कफ किंवा ताप असलेला माणूस गोलमुदच्या पुढे जाता कामा नये. गाडीत बसताना तब्येतीबद्दलचा एक कागद सहीसाठी येतो. तो उरकून टाकू नका, त्यातले प्रश्न हेच आहेत.

गोलमुदचं नाव वारंवार घेतोय, कारण निर्णयाचा शेवटचा थांबा तोच. पुढे आमदो, नाग्चू अशी मोजकी स्थानकं आहेत, आणि तीही साडेचार हजारांवर. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा उपाय असतो आणि गाडीला तो साधत नाही. ती तुमच्यासाठी मागे फिरणार नाही, तांगुलापासून ल्हासा अजून सहा-सात तासांवर असतं. म्हणून गोलमुदला, भले पहाटेचे तीन वाजलेले असोत, पालकांना जागं करून विचारा: डोकं दुखतंय का, ताप आहे का, श्वास नेहमीसारखा आहे का? उत्तर शंकास्पद असेल तर तिथेच उतरा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

गोलमुदनंतरची धोक्याची चिन्हं दोन प्रकारची. बसल्या जागी धाप, खोकल्याबरोबर फेस किंवा गुलाबी थुंकी: फुप्फुसात पाणी होतंय. बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, उठवूनही नीट जागं न होणं: मेंदूला सूज येतेय. तोल तपासायला एकापुढे एक पाऊल टाकत सरळ रेषेत चालायला सांगतात. डुलत्या गाडीत ही चाचणी फसवी, स्थानकात गाडी उभी असताना करा, किंवा शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. यापैकी काहीही दिसलं तर नळी लावायची, डॉक्टरला बोलवायचं आणि माणसाला बसतं ठेवायचं. ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ हे इथे चालत नाही.

बर्थचं गणित आपल्या गाड्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. ‘हार्ड स्लीपर’ नावाला कठीण. गादी, उशी, पांघरूण सगळं असतं. एका खणात सहा बर्थ, तीन-तीनच्या दोन रांगा, दार नाही. आपल्यासारखे साइड बर्थ नसतात, तिथे मार्गिका आणि खिडकीशी घडीच्या छोट्या खुर्च्या असतात. ‘सॉफ्ट स्लीपर’मध्ये चार बर्थ आणि बंद होणारं दार. ज्येष्ठांना लोअर द्या, यात वाद नाही. तुम्ही मात्र मिडल घ्या. लोअरवर दिवसभर सगळा खण बसलेला असतो. अप्परवर ताठ बसता येत नाही, आणि साडेचार हजार मीटरवर त्या शिडीनं चढलं की दोन मिनिटं बोलता येत नाही. त्यात डायमॉक्स घेतली असेल तर रात्रीतून तीनदा खाली उतरायचं. पालक आणि तुम्ही मिळून तिघंच असाल तर सॉफ्टमध्ये चौथा अनोळखी असेलच. पैशांची अडचण नसेल तर सॉफ्टच बघा, कारण आजारी वाटणाऱ्या माणसाला शांतता लागते.

दुसऱ्या शहरातून ल्हासाच्या गाडीत बसलात तरी शीनिंगला उतरून ऑक्सिजनची सोय असलेल्या दुसऱ्या गाडीत बसावं लागतं. सामान त्या बेतानं, दोन हातांत मावेल एवढंच ठेवा.

खाण्याचं. दाब कमी झाला की बंद पिशवीतली हवा फुगते. ५,००० मीटरवर समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट. चिवड्याची, भडंगाची घट्ट पाकिटं ढोलकीसारखी होतात, एखादं फुटतंही. घरूनच पिशवीतली हवा दाबून काढून बंद करा किंवा सरळ डब्यात भरा. शाम्पू, लोणच्याची बाटली, शाईचं पेन यांचंही तेच. पोटातल्या वायूलाही हाच नियम लागू होतो, म्हणून आदल्या रात्रीपासून राजमा, छोले, कोबी, कच्चा कांदा आणि सोडा बंद.

प्रत्येक डब्यात गरम पाण्याचा नळ असतो. पण तांगुलाच्या आसपास पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ‘पाणी ओता, तीन मिनिटं थांबा’वाले पोहे-उपमे तिथे कच्चे राहतात. गोलमुदच्या आधी, पाणी जास्त तापतं तेव्हा, रुंद तोंडाचा थर्मास भरून ठेवा आणि त्यातच १५ मिनिटं मुरवा. दशम्या, मेतकूट-भात, गूळपोळी, सुका मेवा, लिंबू-मीठ-साखरेची पूड एवढ्यावर दिवस निघतो. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी, आणि पिठूळ-गोड जास्त, तळकट कमी. डब्यातली हवा फार कोरडी असते. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, घोटघोट. भोजनयानात भात आणि परतलेल्या भाज्या मिळतात, पण मांसाचे तुकडे आणि मांसाचा रस्सा कशात असेल ते सांगता येत नाही. ‘मांस, मासे, अंडी नको’ असं चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी दाखवणं बोलण्यापेक्षा खात्रीचं. फळं कापायला सुरी नेऊ नका, स्थानकाच्या तपासणीत काढून घेतात. फवाऱ्याच्या डब्यांवरही निर्बंध आहेत.

खिडकीचं म्हणाल तर शीनिंग सोडल्यावर छिंगहाय सरोवर डावीकडे, पण रात्रीची गाडी असेल तर दिसणार नाही. कुनलुन उजेडात ओलांडेल अशी गाडी निवडा. कोकोशिलीच्या माळावर, २०१७ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या, तिबेटी काळवीट दिसतात. कळप शोधायला लांब बघा, जवळ नाही. आमदोनंतर त्सोनाक सरोवर उजवीकडे अगदी रुळांना लागून येतं. दामशुंगच्या पुढे न्येनचेन तांगल्हाची हिमशिखरंही उजवीकडेच. रुळांशेजारी जमिनीतून वर आलेले लोखंडी खांब रांगेनं दिसतील, ते कसले असा प्रश्न सगळ्यांना पडतो. या मार्गाचा सुमारे साडेपाचशे किलोमीटर भाग कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. ती वितळली तर भराव खचेल. खांब पोकळ आणि बंद, आत अमोनिया. हिवाळ्यात जमिनीतली उष्णता अमोनियाची वाफ करते, ती वर पंख्यांसारख्या पात्यांपाशी थंड होऊन खाली येते आणि उष्णता बाहेर जाते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम असल्यानं ही ये-जा आपोआप थांबते. वीज नाही, पंप नाही. याच जमिनीमुळे गाडी तिथे ताशी १०० किलोमीटरच्या वर जात नाही, चालक आळशी म्हणून नव्हे.

परवान्याचं थोडक्यात: चीनच्या व्हिसाखेरीज तिबेट प्रवास परवाना लागतो, तो नोंदणीकृत सहल कंपनीमार्फतच मिळतो, आणि तो दाखवल्याशिवाय ल्हासाच्या गाडीत चढू देत नाहीत. नाव पासपोर्ट, परवाना आणि तिकीट तिन्हींवर अक्षर न अक्षर तेच हवं. मधलं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, हा मराठी नावांचा नेहमीचा घोळ आहे. तिकीटविक्री प्रवासाच्या साधारण दोन आठवडे आधी उघडते आणि ऑगस्टमध्ये लोअर बर्थ भराभर संपतात.

शेवटी माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत मी बेत उलटा करीन. शीनिंगला तीन रात्री, मग ल्हासाला विमानानं, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती आणि थोडं फिरणं, पाच-सहा दिवस तिबेट, आणि परतताना ल्हासा ते शीनिंग गाडी. तोवर शरीर ३,६५० ला रुळलेलं असतं, तांगुला काही तासांपुरती येते आणि त्यानंतर मधे थोडे चढ असले तरी वाट एकूण खालीच नेते. दृश्यं तीच, फक्त डावं-उजवं बदलतं. आणि त्रास झालाच, तर गाडी तुम्हाला हवं तिकडेच चाललेली असते.